मदत हवी आहे: पेट ग्रूमिंगच्या स्टाफसाठी लोगोवाले कपडे

पुण्यात आमचं कुत्र्या-मांजरांचं ग्रूमिंग सेंटर आहे, सहा जणांच्या स्टाफला लोगोवाले कपडे करायचेत. आधी कॉटनचे पोलो टी-शर्ट घेतले होते पण त्यात केस असे रुततात की धुऊनही निघत नाहीत, नखं अडकून धागे ओढले जातात आणि लॅब्राडॉरला आंघोळ घातली की पोटापाशी सगळं ओलंचिंब. वरून रबरी एप्रन देऊन पाहिला, ड्रायरसमोर फार उकडतं. आता गुळगुळीत नायलॉनचं, अर्ध्या बाह्यांचं चेनवालं जॅकेट बघतोय (वेलक्रो नको, त्या आवाजाला मांजरं बिचकतात). रोज मशीनला धुणार, ऑर्डर फक्त बारा नगांची, बजेट नगामागे ७०० रुपये. नायलॉनवर एम्ब्रॉयडरी केली तर सुईच्या भोकांतून पाणी आत येतं का, की डीटीएफ प्रिंटच (फिल्मवर छापून गरम प्रेसने कपड्यावर चिकटवतात ती) बरी, आणि एवढी छोटी ऑर्डर पुण्यात कोण घेतं?