मॅप आणि हवामान बघून टँकचं इक्विपमेंट बदलावं का? सल्ला पाहिजे

उचगावकर

राम राम मंडळी. वर्ल्ड ऑफ टँक्स ही रणगाड्यांची गेम पीसीवर खेळतोय, आठव्या टियरला, म्हणजे आठव्या पायरीच्या गाड्यांपर्यंत पोचलोय. गॅरेजमध्ये कामाच्या गाड्या दोनच, जड रणगाडा आयएस-३ आणि लपून लांबून मारणारी स्कॉर्पियन जी. गेममधले पैसे म्हणजे क्रेडिट बेताचे, आणि खरे पैसे घालून घ्यायच्या गोल्डचं तर विचारूच नका. राजारामपुरीत ज्या कॅफेत बसतो तिथली पोरं म्हणतात, बर्फाच्या मॅपला वेगळं इक्विपमेंट, वाळवंटाला वेगळं. एकजण तर म्हणतो चिखल असला की टर्बोशिवाय हलायचंच नाही. खरंच एवढा फरक पडतो का? एकदा बसवलेलं काढायला गोल्ड जातं म्हणून आधीच विचारतोय. वॉर थंडर ही दुसरी टँकची गेम पण डाउनलोड करून ठेवलीय, त्यात वेगळं गणित असेल तर तेही सांगा.

रंकाळा_रात्रपाळी

भावा, कॅफेतल्या पोरांना माझ्याकडून एक कटिंग पाज आणि सांग, या गेममध्ये बर्फ, पाऊस, धूळ हे निव्वळ रंगकाम आहे. आभाळ भरून आलं म्हणून तुझ्या गाडीची नजर कमी होत नाही. गेमला कळतं ते एवढंच: मध्ये आडवं काय आहे, झुडपं कुठं आहेत आणि ट्रॅकखाली जमीन कसली आहे.

हिशोब करून दाखवतो. समज तुझ्या गाडीची नजर ४०० मीटर आणि समोरच्याचा कॅमो, म्हणजे लपायची ताकद, ३० टक्के. नजरेतून ५० वजा कर, उरलेल्याचे ३० टक्के काढ आणि ते मूळ नजरेतून वजा कर. ४०० मधून १०५ गेले, म्हणजे तो तुला २९५ मीटरवर दिसणार. कोटेड ऑप्टिक्स हे नजरेचं इक्विपमेंट लावलं की नजर दहा टक्क्यांनी वाढून ४४० होते, तोच गडी ३२३ वर दिसतो. दुर्बीण लावून तीन सेकंद थांबलास तर २५ टक्के वाढ, नजर ५००, आणि तो ३६५ वर दिसतो. ४४५ च्या पलीकडचा कुणी स्पॉट होत नाही हे खरं, पण जादाची नजर वाया जात नाही, ती समोरच्याचा कॅमो फोडायला कामी येते.

हे ७० मीटर प्रोखोरोव्का किंवा मालिनोव्कासारख्या मोकळ्या मॅपवर सोन्याच्या भावाचे. तू त्याला बघतोयस आणि त्याला पत्ताच नाही. तीच दुर्बीण घेऊन हिमेल्सडॉर्फ या शहरी मॅपच्या गल्लीत गेलास तर काय? भिंतीपलीकडचं दिसत नाही ते नाहीच. ५० मीटरच्या आत तर भिंत असो नाहीतर डोंगर, तो आपोआप दिसतो, दुर्बीण असो वा नसो. म्हणजे इक्विपमेंटची एक जागा (स्लॉट) फुकट गेली.

पण मॅप आधी कळत नाही, मग बदलायचं कधी? फील्ड मॉडिफिकेशन, म्हणजे गाडीच्या सुधारणांच्या पायऱ्या, पुढं नेत गेलास की इक्विपमेंटचा दुसरा संच मिळतो आणि लढाई सुरू व्हायच्या आधीच्या काउंटडाउनमध्ये तो बदलता येतो. क्रेडिट तिथं घाल. स्कॉर्पियनला पहिला संच रॅमर (गोळा लवकर भरणारा), दुर्बीण, कॅमो नेट (लपायची जाळी). दुसऱ्यात रॅमर, गन लेइंग ड्राइव्ह (निशाणा लवकर साधणारा), टर्बो. आयएस-३ ला दोन संचांच्या नादाला लागूच नकोस. ती कुठल्याही मॅपवर तोंडावर जाऊनच लढणार.

तांबडा_पांढरा

वरचं सगळं बरोबर, पण चिखलवाला पोरगा अगदीच येडा नाही हां. प्रत्येक गाडीच्या सस्पेन्शनला कडक, मध्यम आणि मऊ जमिनीसाठी अडथळ्याचे तीन वेगळे आकडे असतात. मऊ जमिनीचा आकडा मोठा असेल तर इंजिन कितीही हॉर्सपॉवरचं असू दे, गाडी रांगतेच. टर्बोने इंजिनाची ताकद साडेसात टक्के वाढते, पुढचा टॉप स्पीडही चार किलोमीटरने. जड गाडीला पहिल्या मिनिटात कोपरा धरायचा असेल तर तेवढ्यावर खेळ फिरतो. मी आयएस-३ ला रॅमर, व्हेंटिलेशन (क्रूचं कौशल्य वाढवणारं) आणि टर्बो लावून खेळतो. रंगकाम आहे ते पावसाचं, जमिनीचं नाही.

आणि कॅमोचा रंग विसरू नकोस. उन्हाळी, हिवाळी, वाळवंटी असे तीन प्रकार आहेत, मॅपप्रमाणे आपोआप लागू होतात. थोडाच फायदा, पण त्याला स्लॉट लागत नाही. आयएस-३ ला नाही लावलास तरी चालेल. स्कॉर्पियनला तिन्ही लाव.

रंकाळा_रात्रपाळी

टर्बो चालेल, पण रॅमर काढून नको. तेवढं एक ऐक.

आणि स्कॉर्पियनमध्ये बसून झुडपाला नाक लावून गोळी मारू नकोस. झुडूप पंधरा मीटरच्या आत असलं की तुला त्याच्या आरपार दिसतं, पण गोळी सुटली की त्याचा आडोसा जवळजवळ संपतो. मागं सरक, झुडूप पुन्हा गच्च दिसायला लागलं की मार. हे जमत नसेल तर कॅमो नेट लावून काही उपयोग नाही.

घाटवाट

वॉर थंडरचं मी सांगतो. तिथं गणित उलटं आहे. रिअॅलिस्टिक मोडमध्ये शत्रूच्या डोक्यावर खूण येत नाही, माणसाच्या डोळ्यालाच दिसायला लागतं. त्यामुळं रंग हा टक्क्यांचा प्रश्न राहत नाही. हिरवी गाडी घेऊन बर्फात उभा राहिलास की अर्ध्या किलोमीटरवरून कुणीही टिपतो. धुकं असलं, पाऊस असला की खरंच दिसत नाही. रात्रीच्या लढाया पण येतात, आणि ज्याच्याकडे नाइट व्हिजन किंवा थर्मल नाही तो अंधारात चाचपडतो. तिथं ते मॉड्यूल आधी रिसर्च कर, तोफ नंतर.

दुसरा फरक म्हणजे मॅप बघून गाडी निवडता येते. लाइनअपमध्ये, म्हणजे लढाईत न्यायच्या संचात, चार-पाच गाड्या ठेव. चाकाच्या गाड्या डांबरी रस्त्यावर सुसाट, पण चिखलात आणि बर्फात मार खातात. अशा मॅपला ट्रॅकवाली काढ. म्हणजे हवामानाप्रमाणे इक्विपमेंट नाही, गाडीच बदलायची.

टाकळीचे_काका

पोरांनो, मी सैनिक टाकळीचा. गेम नातू खेळतो, मी शेजारी बसून बघतो. तुम्ही जे म्हणताय ते खऱ्या लढाईत जसंच्या तसं आहे. १९६५ ला खेमकरणकडं आपल्या लोकांनी शेतात पाणी सोडलं आणि पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रुतले. तोफ चांगली, चिलखत चांगलं, पण जमिनीनं धरून ठेवलं. आपल्याकडं गाळप हंगामात भरलेली ट्रॉली काळ्या रानात उतरली की काय होतं ते शिरोळवाल्यांना सांगायला नको. एकूण वजन बघू नका, ते किती रुंदीवर पसरलंय ते बघा. जर्मनांना पण रशियात शेवटी रुंद ट्रॅक काढावे लागले. त्यांच्या टायगरची चाकं एकमेकांत गुंतवलेली, रात्री मधला चिखल गोठला की सकाळी गाडी जागची हलत नसे.

१९७१ ला पूर्वेकडं नद्याच नद्या, म्हणून तिथं पीटी-७६ ही हलकी टँक नेली. चिलखत पातळ, पण पाण्यावर तरंगते. नोव्हेंबरात गरीबपूरला तिची पाकिस्तानच्या चाफी टँकशी गाठ पडली ती दाट धुक्यात. लांबची तोफ असून काय करणार, समोरचं दिसायला तर पाहिजे. नातवाच्या गेममध्ये या दोन्ही गाड्या आहेत म्हणे.

घाटवाट

आहेत काका, वॉर थंडरमध्ये दोन्ही आहेत. पीटी-७६ घेऊन नदी ओलांडून मागून येणारे डोक्याला ताप आहेत. पाणी असलेला मॅप आला की मी तीच पहिली काढतो.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

मोबाइलवर ब्लिट्झ (वर्ल्ड ऑफ टँक्सची मोबाइल आवृत्ती) खेळणाऱ्यांनी यातलं काही घेऊ नका. तिथं इक्विपमेंटचे नऊ स्लॉट, प्रत्येकात दोनांतलं एक निवडायचं. पद्धतच वेगळी. कुणाला पाहिजे असेल तर वेगळा धागा काढा, मी लिहितो.

उचगावकर

सगळ्यांना धन्यवाद, काका तुम्हाला विशेष. आयएस-३ ला रॅमर, व्हेंटिलेशन, टर्बो फायनल. स्कॉर्पियनचा पहिला संच रात्रपाळीने सांगितला तसाच, दुसरा फील्ड मॉडिफिकेशन उघडल्यावर. वाळवंटी रंग आधी घेतो, सँड रिव्हर हा वाळवंटी मॅप सारखा लागतोय. वॉर थंडर रविवारी लाइट असली तर सुरू करणार. घाटवाट, सुरुवातीला कुठल्या देशाच्या गाड्या घ्याव्यात ते पण सांग.

घाटवाट

रशिया. चिखलाची सवय त्यांना पहिल्यापासून आहे.