क्लॅरिनेटचा सूर पेटीच्या वर चढतोय, बॅरल (माउथपीसखालचा जोडतुकडा) ओढूनही जमत नाही. मदत हवी (बडोदे)

दांडियाबाजार: शनिवारी नाट्यगीतांचा कार्यक्रम आहे. पेटी 440 ची (ए स्वर 440 हर्ट्झ), क्लॅरिनेट बी-फ्लॅट. ट्यूनरवर 45 सेंट (100 सेंट म्हणजे अर्धा स्वर) वर दिसतं. बॅरल 4 मिमी बाहेर काढली तर मधले जी, ए, बी-फ्लॅट बरेच उतरले, खालचे स्वर चढेच. लवकर सांगा.

मंद्रसप्तक: रीड (माउथपीसवरची वेताची पट्टी; आकडा कडकपणाचा) 3 ची असेल तर 2 ची लावा. कडक रीडने सूर चढतो.

कोमल_निषाद: रीडने 45 सेंट उतरत नाहीत. तालमीच्या खोलीत एसी आहे का? हवा एक अंश तापली की सूर सुमारे 3 सेंट चढतो. पेटीच्या पितळी पट्ट्या उन्हाळ्यात उलट किंचित उतरतात.

दांडियाबाजार: एसी आहे, 25 अंश. रीड अडीचची.

खरादी: सरळ 70 मिमीची बॅरल करून घ्या. कुठलाही चांगला खरादी करील.

कोमल_निषाद: त्याने फक्त फट बुजेल, दोष तोच राहील. मधल्या बी-फ्लॅटला हवेचा स्तंभ जेमतेम 21 सेमी, सर्वांत खालच्या ई ला 58. वर 2 मिमी वाढवले की बी-फ्लॅट 16-17 सेंट उतरतो, ई फक्त 6. म्हणून बॅरल 1-2 मिमीच ओढायची, उरलेलं मधल्या सांध्यात आणि थोडं बेलपाशी (खालच्या पसरट तोंडापाशी).

खरादी: मधला सांधा ओढला की दोन भागांना जोडणारी चावी सरकते.

कोमल_निषाद: 1 मिमीपर्यंत चालते. पण मुख्य प्रश्न राहिलाच: वाद्यावर काय कोरलंय? माउथपीस काढून लांबी किती?

दांडियाबाजार: 58 सेमी. शिक्क्याखाली एच.पी.

मंद्रसप्तक: कॉर्कला ग्रीस लावता ना? कोरड्या हवेत लाकूड तडकतं.

कोमल_निषाद: ग्रीस राहू द्या. एच.पी. म्हणजे उंच पट्टी, ए 452 च्या आसपास. 440 पेक्षा 47 सेंट वर, तुमचा आकडा तोच. ब्रिटिश लष्करी बँड 1920 च्या दशकाअखेरपर्यंत याच पट्टीत वाजत. आजचं बी-फ्लॅट माउथपीसशिवाय साधारण 60 सेमी असतं. तुमच्या वाद्याची भोकंच आखूड नळीच्या हिशोबाने पाडलेली आहेत, त्यामुळे सांधे कितीही ओढले तरी सगळे स्वर एकदम जुळणार नाहीत. त्यावर वेळ घालवू नका. शनिवारपुरतं 440 चं वाद्य मागून आणा. शिक्का एल.पी. (खालची पट्टी) असावा किंवा शिक्काच नसावा, आणि लांबी मोजूनच घ्या.

खरादी: भोकं वरच्या बाजूने मेणाने थोडी भरली तर?

कोमल_निषाद: एखादा स्वर 5-10 सेंट उतरवायला ते ठीक. 47 सेंटला स्वर घुसमटेल आणि बाराव्या स्वराचा मेळही बिघडेल: रजिस्टर चावी दाबल्यावर येणारा वरचा स्वर खालच्याशी जुळणार नाही.