उन्हातल्या माणसालाही टीबी होतो
एकानं लिहिलंय की उन्हातून मिळणारं व्हिटॅमिन डी कमी असलं की टीबी होतो, म्हणून घरातल्या सगळ्यांना डीचं 60,000 युनिटचं पाकीट सुरू करा. टीबीच्या पेशंटमध्ये डी बऱ्याचदा कमी सापडतं हे खरंय, पण पाकिटानं टीबी टळतो हे पटत नाही. मंगोलियात साडेआठ हजारांवर शाळकरी पोरांवर अभ्यास झाला, निम्म्यांना 3 वर्षं दर आठवड्याला 14,000 युनिट दिलं, 2020 ला निकाल आला अन् लागण काही कमी झाली नव्हती. शिवाय टीबीच्या रिफॅम्पिसिन या औषधानं शरीरातलं डी लवकर खर्च होतं, मग टीबीच्या गोळ्या चालू असताना डीचा रिपोर्ट कमी आला तर तेच टीबीचं कारण कसं धरायचं?

आमची मावशी परभणीकडची, आख्खा जन्म कापूस वेचण्यात गेला. लुगड्यावर मामाचा फुल बाह्यांचा शर्ट, तोंडाला रुमाल, म्हणजे दिवसभर उन्हात राहून ऊन लागायचं ते फक्त हाताच्या पंजांना. टीबी निघाला तेव्हा वजन 34 किलो, सगळ्यांचं झाल्यावर उरलेली भाकर अन् ठेचा खायची. मला तरी खरं दुखणं तिथंच वाटतं. झारखंडमधे पेशंटच्या घरच्यांना तांदूळ-डाळ अन् सोबत जीवनसत्त्वं दिली तर त्यांच्यातला टीबी जवळपास 40 टक्क्यांनी घटला, 2023 चा अभ्यास आहे. टीबीच्या पेशंटला सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1000 रुपये मिळतात, त्याचे शेंगदाणे अन् अंडी आणा, अन् टीबीच्या 6 महिन्यांच्या गोळ्या एक दिवस चुकवू नका.