सल्ला हवा: तळे आणि देऊळ दोन्ही असलेले, पुण्याहून एका दिवसात होणारे ठिकाण

कोथरूडकर
नमस्कार. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी आईला, पत्नीला आणि 9 व 5 वर्षांच्या दोन मुलांना घेऊन दिवसभरासाठी बाहेर पडायचे आहे. आईचे वय 72 असून गेल्या वर्षी तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. सपाटीवर ती हातात काठी घेऊन अर्धा तास चालते, पण पायऱ्या दहा-बारापेक्षा जास्त नकोत. तिला देवदर्शन हवे आहे आणि त्यानंतर पाण्याकाठी निवांत बसायचे आहे. मुलांना नाव हवी आहे. गाडी लहान पण स्वतःची आहे. पेट्रोल, जेवण आणि वाहनतळ धरून 2,000 रुपयांच्या आत सगळे बसवायचे आहे आणि अंधार पडण्यापूर्वी घरी परतायचे आहे. कृपया स्वतः जाऊन आलेल्यांनी सुचवावे.

नारायणगावची_सून
डोळे मिटून ओझरला जा. अष्टविनायकांतला विघ्नेश्वर आणि मंदिरालगतच येडगाव धरणाचे, म्हणजे कुकडीचे पाणी, अशी दोन्ही सुखे एकाच जागी दुसरीकडे मिळणार नाहीत. 1739 साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी या देवळाचा जीर्णोद्धार करून कळस सोन्याने मढवला, हे मुलांना तिथे उभे राहून सांगा, म्हणजे त्यांना देऊळ लक्षात राहील. माझ्या सासूबाई 78 वर्षांच्या आहेत आणि त्या दरवर्षी येतात. आम्ही गेलो तेव्हा नौकाविहार सुरू होता. येताना नारायणगावला मिसळ खाल्ल्याशिवाय परतू नका.

डोंगरवाटा
नीळकंठेश्वराला जावे, असे मी आग्रहाने सांगेन. खडकवासल्याच्या पुढे, पानशेतच्या वाटेवर हे ठिकाण आहे आणि वरून धरणाचे पाणी जसे पसरलेले दिसते तसे दृश्य पुण्याच्या इतक्या जवळ मी दुसरीकडे पाहिलेले नाही. वर पौराणिक प्रसंगांचे असंख्य पुतळे आहेत, मुले त्यांतच रमतात. मी गेल्या पावसाळ्यात चार वेळा गेलो.

आजीची_पिशवी
नीळकंठेश्वर डोंगरावर आहे, डोंगरवाटा. गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला तो चढ सांगणे योग्य नव्हे. माझ्या आईला आम्ही उत्साहाच्या भरात तिथे नेले होते. अर्ध्या वाटेवर ती एका दगडावर बसली, मी तिच्याजवळ थांबले, बाकीचे वर जाऊन आले आणि घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून सहल ठरवताना मी आधी पायऱ्या विचारते आणि मग देव.

शनिवारपेठी
इतक्या लांब कशाला? तळ्यातला गणपती आहे की. नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढ्याचे पाणी अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे करवले, मध्ये बेट राखले आणि पुढे सवाई माधवरावांच्या काळात, 1784 साली, तिथे गणपतीची स्थापना झाली. दोन हजारांतले अठराशे रुपये वाचतील.

कोथरूडकर
शनिवारपेठी, सारसबाग आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे आणि आई आजारी पडेपर्यंत दर मंगळवारी तिथे जात असे. तिला पुण्याबाहेर न्यायचे आहे.

मुठेचा_काठ
शिवाय ते तळे आता राहिले कुठे? देवळाभोवती थोडे पाणी आणि कमळे आहेत, बाकी सारी बाग झाली. ज्यांना तळ्याकाठी बसायचे आहे त्यांना बागेत पाठवणे ही फसवणूक होईल.

शनिवारपेठी
देवळाभोवती पाणी असले की ते तळ्यातलेच देऊळ. नाव लोकांनी ठेवले आहे आणि ते दोनशे वर्षांहून अधिक काळ टिकले आहे. मी ते बदलणार नाही.

पवनामाई
सर्वांत सुंदर ठिकाण कुणी सांगितलेच नाही. पवना धरणातले वाघेश्वर मंदिर! आम्ही मे महिन्यात गेलो होतो. काळ्या दगडांचे प्राचीन देऊळ, समोर पाणी, एका बाजूला तुंग, एका बाजूला तिकोना, पाठीमागे लोहगड. तिथे बसल्यावर माझ्या यजमानांना उठवेना. काठावर तंबूंत राहण्याचीही सोय आहे, आम्ही माणशी 1,500 रुपये देऊन राहिलो आणि ते पैसे सार्थकी लागले.

मुठेचा_काठ
मे महिन्यात गेलात म्हणून देऊळ दिसले. पावसाळ्यात धरण भरले की वाघेश्वर पाण्याखाली जातो आणि उन्हाळ्यात पाणी उतरल्यावरच बाहेर येतो. दिवाळीनंतर गेल्यास फक्त पाणी दिसेल. माणशी 1,500 म्हणजे पाच जणांचे किती होतात, तेही मोजावे.

कांबरेश्वराचेही तसेच आहे. भाटघरच्या जलाशयातले हे देऊळ पाहायला माझे मित्र हिवाळ्यात गेले आणि पाण्याकडे बोट दाखवून परत आले.

पवनामाई
पाण्याखाली देव आहे या जाणिवेनेही हात जोडले जातात.

मोठी_गाडी
मुळशीला जावे. ताम्हिणीच्या रस्त्यावर पाण्याकाठी उत्तम विश्रामगृहे आहेत. आम्ही नऊ जण होतो, दिवसभराचे जेवण धरून 16,000 रुपये झाले, पण आईवडिलांसाठी माणसाने हात आखडता घेऊ नये. देऊळ वाटेत कुठेही मिळेल.

आजीची_पिशवी
मोठी_गाडी, त्यांनी 2,000 रुपये लिहिले आहेत. मुळशीच्या पाण्याबद्दल मला आणखी एक सांगावेसे वाटते. टाटांच्या त्या धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. त्या जलाशयाखाली जमिनी आणि गावे गेली आहेत. तिथे जाणाऱ्याने मुलांना एवढे तरी सांगावे.

हडपसर_नाका
माझे मत रामदरा. लोणी काळभोरपासून आत गेले की तळ्याच्या मधोमध महादेवाचे देऊळ आहे. आत राम, लक्ष्मण आणि सीतेच्याही मूर्ती आहेत आणि पाण्यावरच्या लहान पुलावरून चालत गाभाऱ्यापर्यंत पोहोचता येते. चढ नाही, प्रवेशाला पैसे नाहीत, झाडांची सावली भरपूर. आईंना बसायचे असेल तर याहून शांत जागा नाही, मात्र रविवारी दुपारनंतर गर्दी होते, म्हणून नऊच्या आत पोहोचा. वाटेवर थेऊरही होईल. चिंतामणीचे दर्शन घ्या आणि थोरल्या माधवरावांनी 18 नोव्हेंबर 1772 रोजी जिथे देह ठेवला ती जागा मुलांना दाखवा. दोन्ही ठिकाणे धरून पेट्रोल 500 रुपयांच्या आसपास लागेल. नाव मात्र नाही.

नारायणगावची_सून
नाव नाही, म्हणजे मुलांचा दिवस कोरडा. ओझरच बरे.

हडपसर_नाका
नावेचा इतका आग्रह धरू नये, असे मला मनापासून वाटते. तीन वर्षांपूर्वी एका धरणाच्या काठी आम्ही मुलांना नावेत बसवले. जीवरक्षक जॅकेट मागितले तेव्हा नावाड्याने सांगितले की पाणी उथळ आहे. मध्यावर वारा सुटला, नाव कलली आणि माझा मुलगा बाकावरून खाली पडला. पाण्यात पडला नाही, पण त्या पाच मिनिटांत माझे काय झाले ते मी अजून कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. मुलाच्या मापाचे जॅकेट समोर दिसल्याशिवाय नावेत पाऊल ठेवू नका. मोठ्या माणसाचे जॅकेट 5 वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून निघून जाते, हेही लक्षात ठेवा.

मुठेचा_काठ
याच्याशी पूर्ण सहमत. धरणाच्या काठाला मुलांना पाण्यात उतरवूही नका. काठ सपाट दिसतो आणि दोन पावलांवर अचानक खोल होतो. वर गाळ असतो, त्यात पाय रुततो.

हिशेबी_माणूस
ओझरचा हिशेब कुणी केला नाही, म्हणून करतो. पुण्यापासून अंतर सुमारे 85 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 170. लहान गाडी लिटरला 16 किलोमीटर देते असे धरले तर साडेदहा लिटर, म्हणजे 1,100 रुपयांच्या आसपास पेट्रोल. पथकर वेगळा. उरलेल्या सात-आठशे रुपयांत पाच जणांची न्याहारी, जेवण, नारळ-फुले आणि नाव बसवायची आहे. डबा घरून नेला तरच हे जमेल. आता वेळेचे पाहू. राजगुरुनगर आणि मंचरला बाह्यवळण रस्ते झाल्यापासून प्रवास सुधारला आहे, पण चाकणची कोंडी सुटलेली नाही. सकाळी सहाला भोसरी ओलांडली तर सुखाने पोहोचाल. परत येताना मात्र दुपारी तीनला निघालात तरच अंधारापूर्वी घर दिसेल. संकष्टी त्याच रविवारी येत नाही ना, ते पंचांगात पाहून घ्या. आणि ओझरला गेलातच तर उत्साहाने लेण्याद्रीला वळू नका, तिथे सुमारे 300 पायऱ्या आहेत.

नारायणगावची_सून
लेण्याद्रीला डोली मिळते.

आजीची_पिशवी
डोलीत बसायला सगळ्यांना आवडत नाही. माझ्या आईने साफ नकार दिला होता.

कोथरूडकर
सर्वांचे मनापासून आभार. हिशेबी_माणूस यांचा हिशेब आणि नावेबद्दलचा इशारा दोन्ही मी लिहून ठेवले आहेत. काल रात्री जेवताना ओझर आणि रामदरा ही दोन नावे आईसमोर ठेवली. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “वीरला का नाही जायचे?”

वीरचा श्रीनाथ म्हस्कोबा आमचे कुलदैवत आहे. धाकट्याच्या जन्मानंतर त्याला देवाच्या पायावर घालायचे राहून गेले होते. आधी करोना आला, मग आईचे गुडघे. या पाच वर्षांत ती एकदाही बोलली नाही आणि मीही विचारले नाही. निरा नदीवरचे वीर धरण गावाजवळच आहे, म्हणजे पाणीही आले. दिवे घाटातून सासवड, परिंचे आणि वीर असा जाण्याचा विचार आहे. अंतर ओझरपेक्षा कमी आहे. नाव नाही, पण मुलांना त्याच्या पुढच्या रविवारी वेगळे नेईन, असे कबूल केले आहे.

नारायणगावची_सून
कुलदैवतापुढे मी काय बोलणार? मात्र ओझर पुढच्या वेळी नक्की ठेवा.

हडपसर_नाका
दिवे घाटात सुरक्षित जागा पाहूनच गाडी थांबवा आणि वडकीच्या बाजूला खाली मस्तानी तलाव दिसतो तो मुलांना दाखवा. पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या काळातले ते बांधकाम आहे. आईंना खाली उतरवू नका, वरूनच छान दिसतो. रामदऱ्याचे मात्र वाईट वाटले.

आजीची_पिशवी
देवळाच्या फरशीवर अकरानंतर पाय भाजतात. आईंसाठी जाड पायमोजे घ्या आणि घडीची खुर्ची गाडीत टाका. धरणाकाठी गवतावर खाली बसल्यावर त्यांना उठता येणार नाही, हे ऐन वेळी लक्षात येते.

मोठी_गाडी
मुळशीचा विचार अजूनही करावा.

कोथरूडकर
काल जाऊन आलो. सकाळी साडेसहाला निघालो, दर्शन दहाच्या आत झाले. धाकट्याला देवापुढे ठेवताना आईने त्याला स्वतः उचलायचा हट्ट धरला, पण तो आता 18 किलोचा आहे. शेवटी मी उचलले आणि तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. घडीची खुर्ची फार उपयोगी पडली, ती नसती तर पाण्याकाठचा सव्वा तास मिळाला नसता. डबा घरचा होता. पेट्रोल, नारळ, पेढे, चहा आणि सासवडला मुलांचा उसाचा रस धरून 1,430 रुपये झाले. पायमोजे मात्र विसरलो होतो. देवळातून गाडीपर्यंत आईने माझी वहाण घातली आणि मी अनवाणी आलो.