पावसाळ्यात स्वयंपाकघरातील ओल, तेलकटपणा आणि वर्षभराच्या चटणीची साठवण

मृण्मयी, राजारामपुरी
नमस्कार. आमचे स्वयंपाकघर लहान असून जून लागला की त्याच्या बाहेरच्या भिंतीला ओल येते. उन्हाळ्यात केलेली कांदा-लसूण चटणी, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आणि गूळ हे सर्व ओट्याखालच्या कडप्प्याच्या फळ्यांवर ठेवावे लागते. गेल्या पावसाळ्यात चटणीच्या वरच्या थराला बुरशी आली, तांदळात सोंडे झाले आणि गुळाला पाणी सुटले. फळ्यांवर तेलकट चिकट थरही बसला आहे. तो लिंबाने निघतो असे शेजारी सांगतात. साफसफाई कशी करावी आणि मांडणी कशी बदलावी, हे कृपया सांगावे.

सुनंदाकाकू, मंगळवार पेठ
मृण्मयी, चटणी बहुधा भिंतीच्या ओलीपेक्षा आपल्या हाताळणीने बिघडते. रश्शाचे पातेले उकळत असताना त्याच्यावरच बरणी धरून चमच्याने चटणी घालायची सवय अनेकींना असते. ती वाफ बरणीत शिरते, झाकण लावले की आतल्या बाजूला तिचे थेंब धरतात आणि बुरशीला तेवढी ओल पुरते. म्हणून मोठी चिनी मातीची बरणी चटणी दाबून भरून, वर हिंगाचे खडे ठेवून, तोंडाला कापड बांधून बाजूला ठेवावी आणि आठवड्याला लागेल तेवढीच चटणी कोरड्या चमच्याने लहान डब्यात काढावी. बुरशी आलेला थर काढून खालची चटणी वापरू नये, कारण बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. इतक्या कष्टाने कुटून आणलेली चटणी टाकताना जीव तुटतो, हे मला ठाऊक आहे. तरीही ती टाकावी. गूळ हवेतील ओलावा ओढून घेतो, त्यामुळे तो फोडून घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवावा.

टाकाळा_वाचक
ताई, कडप्प्याला लिंबू लावू नका. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे. लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर यांतील आम्लाने त्याचा पृष्ठभाग खाल्ला जातो आणि गेलेली झिलई घासून परत येत नाही. फळ्यांवर गरम पाण्यात भांड्यांचा साबण मिसळून भिजवलेले फडके दहा-पंधरा मिनिटे पसरून ठेवावे, थर मऊ झाला की जुन्या एटीएम कार्डासारख्या बोथट कडेने तो खरवडावा आणि शेवटी कोरडे पुसून घ्यावे. गॅसमागच्या टाइल्सवर खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट चांगली चालते. धुण्याचा सोडा मात्र ॲल्युमिनियमच्या भांड्यांना किंवा चिमणीच्या ॲल्युमिनियम जाळीला लावू नये, त्याने धातू काळा पडतो. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो: ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

कसबा_बावडा_गृहिणी
सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आतच अंडे घालते, त्यामुळे नुसते चाळून सोंडे संपत नाहीत. पावसाळ्यात ऊनही मिळत नाही. अशा वेळी घनसाळसारखा मोलाचा तांदूळ थोडा थोडा पिशवीत भरून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवावा, पिशवी बंद ठेवूनच तो बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा आणि मग कोरड्या डब्यात भरावा. कडुलिंबाचा पाला घालायचा असेल तर तो पूर्ण वाळलेला हवा, नाहीतर ओल आपणच डब्यात घालतो. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात लावावा. तांदळाला बोरिक पावडर लावण्याची पद्धत मला पटत नाही, विशेषतः घरात लहान मुले असतील तर.

शाहूपुरीकर
पंचगंगेच्या बाजूच्या सखल भागात राहणाऱ्यांनी 2019 आणि 2021 चे पूर लक्षात घेऊन धान्याचे डबे जुलैपूर्वीच वरच्या फळीवर न्यावेत.

मृण्मयी, राजारामपुरी
सर्वांचे आभार. मोठी बरणी गॅसच्या वरच्या माळ्यावर ठेवली तर तिथली ऊब तिला चांगली नाही का?

सुनंदाकाकू, मंगळवार पेठ
नको. स्वयंपाकाची सगळी वाफ तिथेच चढते, शिवाय उष्णतेने चटणीचा रंग आणि वास उतरतो. जागा असल्यास बरणी मधल्या खोलीत, आतल्या भिंतीलगत चार बोटे अंतर सोडून लाकडी पाटावर ठेव.