जॅग्वारची तपासणी घड्याळ बघून करायची की विमान बघून?

गिरणारेकर (धागाकर्ता)
नाशिकजवळ ओझरला विमानांचा कारखाना आहे, तिथल्या विमानांच्या आवाजात लहानाचा मोठा झालोय, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे, लांबण लागली तर सांभाळून घ्या. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 निवृत्त झालं, 1963 पासूनचं विमान, सगळ्यांनी स्टेटसला फोटो टाकले, डोळे पुसले, छान झालं. पण त्याच वर्षी हवाई दलाची तीन जॅग्वार बॉम्बफेकी विमानं पडली, मार्चमध्ये पंचकुल्याजवळ, एप्रिलमध्ये जामनगरजवळ, जुलैमध्ये राजस्थानात चुरूला, त्याचं कुणाला फारसं काही वाटलं नाही. जॅग्वार आपल्याकडे 1979 ला आलं. फ्रान्स, ब्रिटन, ओमान सगळ्यांनी कधीच काढून टाकलं, आता जगात फक्त आपण उडवतो. मालवाहू एएन-32 1984 पासून आहे. ही विमानं उद्या जाणार नाहीयेत, अजून काही वर्षं ओढायचीच आहेत.

तर माझा मुद्दा देखभालीचा. आपला मोठा भर अजून तास आणि तारखांवर आहे, इतके तास उडालं किंवा इतकी वर्षं झाली की विमान बेस रिपेअर डेपोत न्यायचं, उघडायचं, यादीतले भाग बदलायचे. आता विचार करा, एकाच वर्षी आलेली दोन जॅग्वार, एक जामनगरच्या खाऱ्या हवेत उभं, दुसरं अंबाल्याला, एकाने आयुष्यभर जमिनीलगत धक्के खात बॉम्बिंगचा सराव केला, दुसऱ्याने कमी केला, आणि दोघांची गणती एकाच कोष्टकात? प्रत्येक शेपूट क्रमांकाचा, म्हणजे शेपटीवरच्या नंबरने ओळखल्या जाणाऱ्या एकेका विमानाचा, स्वतंत्र इतिहास पाहिजे, कुठे गंज निघाला, कुठे तडा निघाला, कुठल्या उड्डाणात किती जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट ताण) बसले हे सेन्सरवरून, आणि त्यावरून ठरवायचं कुठलं विमान कधी उघडायचं. ई-एमएमएस ही देखभालीची कम्प्युटर प्रणाली आली, फॉर्म 700 म्हणजे विमानाची नोंदवही कागदावरून स्क्रीनवर गेली, पण वही स्क्रीनवर गेली म्हणून पद्धत बदलली असं होत नाही ना. बोला.

निवृत्त_सार्जंट
साहेब, 20 वर्षं एअरफ्रेमवर, म्हणजे विमानाच्या सांगाड्यावर काम केलंय, हे असले प्रेझेंटेशन खूप बघितले. तुमचा सेन्सर सांगेल पंप खराब होतोय. बरं. मग? पंप कुठेय? ज्या विमानाच्या कंपनीने लाइन बंद करून जमाना झाला त्याचा पंप आणायचा कुठून? फ्रान्सने 2018 मध्ये 31 जॅग्वारचे सांगाडे द्यायचं कबूल केलं ते कशासाठी, म्युझियमसाठी नाही, पार्ट काढायला. आणि तेही नसलं की हँगरच्या कोपऱ्यात एक विमान उभं असतं त्यातून काढायचं, आम्ही रॉबिंग म्हणतो. बाहेरच्यांना वाटतं पार्ट मिळाला, काम झालं. अहो एका कामाची चार कामं होतात, इकडचं खराब काढा, तिकडचं चांगलं काढा, इकडे बसवा, आणि तिकडे परत नवीन आलं की बसवा, आणि दर वेळी पाइपची जोडणी सुटते, सील बदलतं, चूक व्हायला चार जागा. आधी स्पेअर्स द्या, मग डेटा बिटा.

सरळ_बोलतो
+1 काका. आणि मुळात जुनी विमानं घासत बसायचंच कशाला? मंजूर स्क्वाड्रन 42, मिग-21 गेल्यावर उरल्या 29. तेजस लवकर आणा, विषय संपला.

गिरणारेकर
@सरळ_बोलतो भाऊ, 83 तेजस मार्क-1ए ची ऑर्डर फेब्रुवारी 2021 ची आहे, आपल्या नाशिकच्या लाइनवरचं पहिलं उडालं 17 ऑक्टोबर 2025 ला, अमेरिकेहून इंजिनं उशिरा आली त्यात वेळ गेला तो वेगळाच. तोपर्यंत पायलट काय, बसून राहणार? तो याच जॅग्वारमध्ये बसणार आहे.

@निवृत्त_सार्जंट काका, रॉबिंगचं शंभर टक्के मान्य. पण पर्रीकर संरक्षणमंत्री असतानाची गोष्ट आठवा. सुखोई-30 ची इंजिनं बंद पडत होती, शोध घेतल्यावर बऱ्याच वेळा बेअरिंग निघालं, झिजायचं, धातूचा कण ऑइलमध्ये यायचा. 2015 मध्ये त्यांनीच संसदेत सांगितलं होतं. उपायांमध्ये एक उपाय काय होता, तर ऑइलची तपासणी 50 तासांऐवजी 25 तासांनी. नवीन विमान नाही, एआय नाही, ऑइलचं सँपल! इंजिन स्वतःच सांगतंय मला काय होतंय, फक्त दुप्पट वेळा विचारायचं. मी म्हणतोय ती सुधारणा ही अशी.

निवृत्त_सार्जंट
अर्धी गोष्ट सांगू नका. कॅगचा 2015 चा रिपोर्ट बघा, सुखोईची सर्व्हिसेबिलिटी, म्हणजे उडायला तयार असलेली विमानं, 55 ते 60 टक्के, असायला पाहिजे 75. आणि पर्रीकरांनी ती वर आणायला जोर लावला तो स्पेअर्सच्या करारांवर. ऑइल सँपलने बेअरिंग खराब आहे एवढं कळतं, बेअरिंग तयार होत नाही.

हँगरवाली
मी सिव्हिलमध्ये आहे, मुंबईत, एअरलाइनच्या हँगरवर, त्यामुळे मिलिटरीचं आतलं मला माहीत नाही पण एक गोष्ट सांगते. 1978 मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या दोन इंजिनिअर लोकांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी अभ्यास केला होता, त्यात दिसलं की विमानाच्या फक्त 11 टक्के भागांमध्ये वय वाढलं की बिघाड वाढतो असं होतं, बाकी 89 टक्क्यांना ठराविक तासांनी काढून बदलण्याचा काही उपयोगच नाही, उलट बऱ्याच भागांत बिघाडाची शक्यता सर्वात जास्त कधी, तर नुकतं बसवल्यावर! म्हणजे चांगला चाललेला भाग तारीख आली म्हणून काढला की आपणच धोका आणतो, आणि सार्जंटकाका, वर एक चांगला स्पेअर फुकट जातो. तुम्ही म्हणताय स्पेअर्स नाहीत. मग जे आहेत ते गरज नसताना वापरायचे का? तुमचा आणि धागाकर्त्याचा मुद्दा एकच आहे असं मला वाटतं, भांडताय उगाच.

शंकासुर
हँगरवालीताई, तो अभ्यास मीही अनेक ठिकाणी वापरलेला बघितलाय आणि दर वेळी एक गोष्ट गाळली जाते. ते पंप, व्हॉल्व्ह, रेडिओ अशा भागांबद्दल आहे. विमानाचा सांगाडा वेगळी चीज आहे. सांगाड्याला वय लागतंच, धातू थकतो, गंज लागतो, त्याला 89 टक्क्यांचं गणित लावू नका.

आणि डेटावाल्यांसाठी एक गोष्ट. 2 नोव्हेंबर 2007, अमेरिकेत मिझुरीवर एफ-15 सराव करत होतं, हवेतच दोन तुकडे, कॉकपिटसकट पुढचा भाग सुटून वेगळा. पायलट वाचला नशिबाने. निघालं काय, तर कॉकपिटजवळचा लांब आधाराचा पट्टा, लॉन्जेरॉन, ड्रॉइंगपेक्षा पातळ घडवला गेला होता, कारखान्यातूनच! इतकी वर्षं उडालं, कुणाला पत्ता नाही, कारण तो भाग कुठल्या विशेष तपासणीच्या यादीतच नव्हता. आता सांगा, शेपूट क्रमांकवार इतिहास ठेवला असता तर काय दिसलं असतं? जे कुणी बघितलंच नाही ते इतिहासात येत नाही.

एसटीप्रेमी
मध्येच बोलतो, माफ करा. आमच्या लाल परीचं दापोडीच्या वर्कशॉपला तेच चालतं, जुन्या चासीवर नवीन बॉडी. बाहेरून नवी कोरी, चढल्यावर घाटात कळतं चासी किती जुनी ते 😄

शंकासुर
हसताय पण अगदी तेच आहे. जॅग्वारचं डॅरिन-3 अपग्रेड झालं, नवीन रडार, नवीन स्क्रीन. इंजिन मात्र जुनंच अडूर, नवीन अमेरिकन इंजिनाचा बेत महाग म्हणून 2019 मध्ये गुंडाळला. बॉडी नवी, चासी जुनी.

गिरणारेकर
शंकासुर, एफ-15 चं उदाहरण तुम्ही माझ्या विरोधात दिलंय पण मला ते माझ्या बाजूचं वाटतं. यादीत नव्हतं म्हणून बघितलं नाही, बरोबर? म्हणजे यादी आली कुठून हा प्रश्न आहे. ती विमान नवीन असताना कंपनीने लिहिली, तेव्हा ते चाळीस-पंचेचाळीस वर्षं उडेल असं कुणाच्या डोक्यात नव्हतं. अमेरिकेने 2020 मध्ये एक निवृत्त बी-1बी बॉम्बर वाळवंटातून काढून विचिटाला नेलं, सुटं सुटं करून एकेक भाग स्कॅन केला, का तर बाकीच्या उडणाऱ्यांमध्ये कुठे बघायचं ते कळावं. आपण एक जुनं जॅग्वार असं पूर्ण फाडून का बघू नये? फ्रान्सच्या त्या 31 पैकी एक घ्या.

निवृत्त_सार्जंट
त्या 31 मधला एकेक बोल्ट आम्हाला पाहिजे आणि तुम्ही करवतीने कापायला निघालात. वा.
शिवाय ते फ्रान्समध्ये उडालेलं. खारं पाणी आपलं, धूळ आपली, उडवणं आपलं. फाडायचंच तर आपलं एखादं फाडा, आणि ते कोण देणार, स्क्वाड्रन 29 असताना?

हँगरवाली
हे मात्र काका बरोबर बोलले.

दमणगंगा
इतका वेळ वाचत होतो. स्पेअर्स की डेटा, दोन्ही असून काय होतं ते सांगतो. 10 जुलै 2017, अमेरिकन मरीनचं केसी-130टी मालवाहू विमान मिसिसिपीवर हवेतच तुटलं, 16 जण गेले. प्रोपेलरचं एक पातं निसटून सरळ विमानाच्या पोटातून आरपार गेलं. त्या पात्यावर गंज होता, 2011 मध्ये ते एअर फोर्सच्या डेपोत ओव्हरहॉलला गेलं होतं तेव्हाच घासून काढायला हवा होता, काढला नाही, वरून रंग मारून पास. सहा वर्षांनी त्याच गंजाचा तडा झाला. आणि कुणाच्या हातून राहिलं हे शोधायला गेले तर डेपोला तसले कागद दोनच वर्षं ठेवायची सक्ती होती, सापडले नाहीत. स्पेअर्सची ददात नसलेला देश, कम्प्युटर हवे तेवढे. राहिलं काय, माणसाने समोरचा गंज बघितला नाही, आणि कागद टिकवला नाही.

सरळ_बोलतो
म्हणजे निष्कर्ष काय? विमान बदला 😀

दमणगंगा
त्या जागी नवीन विमान असतं तरी डेपो तोच असता हो.

गिरणारेकर
@दमणगंगा याच्यावर मी विचार करतोय. मी सेन्सरवर जरा जास्तच भर दिला बहुतेक. सार्जंटकाका, एक विचारू? तुम्हाला स्वतःला कधी असं झालंय का, की यादीत नव्हतं पण तुम्ही बघितलं आणि काही सापडलं?

निवृत्त_सार्जंट
झालंय. बेसचं नाव सांगणार नाही. एक विमान होतं, त्याच्या एका पंखाखाली ठराविक चार रिव्हेटांच्या मागे काळी रेघ यायची, काजळासारखी. पुसली की दहा-बारा उड्डाणांनी परत. रिव्हेट सैल झाला की भोकात हलतो, धातू धातूवर घासतो, त्याची ती धूळ, वाऱ्याने मागे ओढली जाते. बाकी विमानांना तिथे काही नाही, ह्यालाच. दुसऱ्यांदा दिसल्यावर मी एनडीटीवाल्याला (न फोडता आतले दोष शोधणाऱ्याला) धरून आणलं, एडी करंट लावला, म्हणजे विजेच्या प्रवाहाने धातूची तपासणी केली, आत केसाएवढा तडा.

हँगरवाली
बापरे. मग?

निवृत्त_सार्जंट
मग काय, काम झालं, विमान उडालं. त्यानंतर मी प्रत्येक वेळी ते पुसून बघायचो.

गिरणारेकर
हे कुठे नोंदवलं होतं? म्हणजे ते काळी रेघ परत परत येणं?

निवृत्त_सार्जंट
दुरुस्ती नोंदवली ना, रीतसर. रेघेला फॉर्ममध्ये रकाना नव्हता. माझी बदली झाली तेव्हा पुढच्या पोराला हात धरून नेऊन दाखवली होती. दीड वर्षात त्याचीही बदली झाली, त्याने पुढे कुणाला दाखवली का ते मला ठाऊक नाही.
तुम्हाला पाहिजे ते उत्तर मिळालं म्हणून खूश होऊ नका. त्या तड्यासाठी जी दुरुस्तीची पट्टी लागत होती ती यायला पाच महिने लागले, तोवर विमान उभं, आणि उभं होतं तेवढ्यात त्याचे अजून तीन पार्ट गेले दुसऱ्यांना.