मदत हवी आहे : मेंदूला इन्सुलिन लागत नाही, मग साखर उतरल्यावर भ्रम का होतो?

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर असतात, इन्सुलिन बरीच वर्षं चालू आहे. परवा इंजेक्शन घेतलं आणि सौदे लवकर निघाले म्हणून नाश्ता राहिला. सदरा घामाने ओला, मला काकांच्या नावाने हाक, हातातली हिशेबाची पट्टी उलटी धरून वाचत होते. ग्लुकोमीटरवर ४८! पाण्यात साखर ढवळून पाजली तेव्हा हळूहळू भानावर आले.

नंतर डॉक्टर घाईघाईत म्हणाले, "मेंदूला साखर घ्यायला इन्सुलिन लागत नाही." तेच डोक्यात बसलंय. लागत नाही, तर इन्सुलिनने मेंदूचीच पंचाईत का व्हावी? आणि साखर वाढली की डोळ्यातल्या रक्तवाहिन्या का बिघडतात? बारावी सायन्सच्या बेताने सांगा. डोसचं डॉक्टर बघतायत, ते विचारत नाहीये.

प्रतिसाद १ (मिरजेहून, फिजिऑलॉजी शिकवते) :
ग्लुकोजला पेशीत नेणारी प्रथिनं असतात, त्यांना ग्लूट म्हणतात. स्नायू आणि चरबीत ग्लूट-४. ते एरवी पेशीच्या आत पडून असतं, इन्सुलिन आलं की आवरणावर येतं. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीत मात्र ग्लूट-१ आणि चेतापेशींवर मुख्यतः ग्लूट-३. ही इन्सुलिनसाठी अडून बसत नाहीत. पण साखर ओढून आणणं त्यांच्या हातात नाही. जास्तीकडून कमीकडे जाऊ देतात, बस्स. इन्सुलिनमुळे स्नायूंनी साखर उचलली, यकृतानेही सोडायची थांबवली, रक्तात उरली थोडी. कालव्यालाच पाणी नाही, तर दार उघडं असून रानाला काय मिळणार? त्यात मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जा खातो सुमारे २० टक्के, आणि स्वतःचा साठा अगदी किरकोळ. म्हणून पहिला फटका त्यालाच.

दुसरा प्रश्न याच्या उलट. रक्तात साखर वाढली तरी वाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींना ती आत घेणं फारसं आवरता येत नाही. आत साचलेली साखर पेशीला इजा करते. बारीक वाहिन्या आधी जातात, म्हणून डोळ्याचा पडदा आणि किडनी.

प्रतिसाद २ :
ताई, छान लिहिलंत. धागाकर्ते, एक लक्षात ठेवा : शुद्धीवर असतील, गिळता येत असेल तरच पाजा. तीन चमचे साखर, १५ मिनिटांनी परत मोजा, ७०च्या खाली असेल तर पुन्हा द्या. बेशुद्ध असतील तर तोंडात काही न घालता सरळ १०८ला फोन.

धागाकर्ता :
आभारी आहे दोघांचा. अडतीवर गल्ल्याशेजारी ग्लुकोज पावडरचा डबा ठेवतोय, हमालांनाही सांगून ठेवतो. मधल्या वेळेला खिशात काय द्यावं, तेही सुचवा.